बँडवर ठोके भलतेच दिसताहेत? आधी दोन बोटं लावा

तुमचा फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच यातलं काही करतंय का, ते आधी बघा.

- गप्पा मारत आरामात चालताय आणि ठोके दाखवतोय १५५. थांबलात की दहा सेकंदांत ८८.
- याच्या उलट, पांडवलेणीच्या पायऱ्या चढून धाप लागली आहे आणि बँड म्हणतोय ७६.
- आकड्याच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा. मधूनच आकडा येतो, परत रेघा.
- दुपारी ठीक चालतो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे बिघडतो.
- पावलं बरोबर, झोप बरोबर, फक्त ठोक्यांचं गणित चुकतं.
- बँड काढून टेबलावर ठेवला तरी ठोके दाखवतो.

शेवटचं लक्षण बघून लोक सगळ्यात जास्त हादरतात. "काका, टेबलाला नाडी आहे का हो?" असं मला निदान दहा जणांनी विचारलं असेल. त्याचं उत्तर पुढे आहे.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. प्रेशर गेज, थर्मोकपल, फ्लो मीटर हेच आयुष्य. आता सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारतो. पहिल्यांदा एका जोडीदाराचा बँड ठीक करून दिला ती चूक झाली. तेव्हापासून तिसऱ्या फेरीला कोणी ना कोणी मनगट पुढे करून उभं असतं. आतापर्यंत पन्नास-साठ बँड तरी पाहिले असतील. त्यातले खरोखर बिघडलेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांत बँडला काहीच झालेलं नव्हतं, तो बसवलेला चुकीचा होता. कारखान्यातही हेच व्हायचं. गेज वेडंवाकडं दाखवायला लागलं की नवा माणूस गेज उघडायला धावतो आणि जुना माणूस आधी ते कुठे आणि कसं बसवलंय ते बघतो.

सगळ्याच्या आधी: बोटांनी मोजा

फुकटातली तपासणी, आणि हिच्याशिवाय पुढचं सगळं अंधारात चाचपडणं. बँड चूक आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? आकडा मनाला पटला नाही म्हणून. मनाला न पटणं म्हणजे मोजमाप नव्हे.

खुर्चीत पाच मिनिटं शांत बसा. बँड एका हातावर राहू द्या, नाडी दुसऱ्या हाताची बघा. तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे खाली आलं की जरा खोलगट जागा लागते, तिथे तर्जनी आणि मधलं बोट हलकं टेकवा. अंगठ्यानं नाडी बघू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते आणि दोन्हींचा घोळ होतो. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारे बरेच असतात, पण त्यात एक ठोका चुकला की उत्तर चारनं चुकतं. ठोके एका लयीत नाहीत असं वाटलं तर पूर्ण मिनिट मोजा.

मोजत असताना बँडकडे बघायचं नाही. बघितलंत की बोटं बँडच्या सुरात मोजायला लागतात, हे मी माझ्यावरच अनुभवलंय. दुसऱ्या कुणाला तरी बँडचा आकडा लिहून ठेवायला सांगा.

आता तीनच शक्यता उरतात. बसलेले असताना दोन्ही आकडे चार-पाच ठोक्यांच्या फरकानं जुळले आणि फक्त चालताना बिघडतात, तर दोष पट्ट्यात किंवा हालचालीत आहे. बसूनही जुळत नाहीत, तर काचेवरची घाण, त्वचा, थंडी, सेटिंग किंवा खुद्द सेन्सर. आणि दोन्ही आकडे जुळले पण आकडाच विचित्र आहे, म्हणजे बसल्या जागी ११५, तर बँड शहाणा आहे. मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागावर जा.

बँडला ठोके कळतात तरी कसे

बँड उलटा केलात की मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या कातडीखाली क्षणभर जास्त रक्त येतं, प्रकाश जास्त शोषला जातो, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. ही चढउतार बँड मोजतो. म्हणजे तो ठोका ऐकत नाही, त्याची सावली बघतो.

करोनात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर याच घराण्यातला. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी त्यामागचं तत्त्व १९७४ साली मांडलं. पण ऑक्सिमीटरला बोटासारखी सोयीची जागा मिळते, प्रकाश एका बाजूनं जातो आणि दुसरीकडून निघतो, आणि आपण निमूटपणे बसलेले असतो. मनगटावर प्रकाश आरपार जात नाही, परत उलटून येतो त्यावरच भागवावं लागतं. त्यात हाडं, शिरा, स्नायूंच्या दोऱ्या आणि सतत हलणारा हात. इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून सांगतो, एवढ्या वाईट जागी मला कुणी मीटर बसवायला सांगितलं असतं तर मी आधी मॅनेजरशी भांडलो असतो.

पट्टा

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. बँड बांगडीसारखा सैल घातला की तो कातडीवरून उठतो, खालून उन्हाचा प्रकाश आत शिरतो आणि सेन्सरला रक्ताऐवजी ऊन मोजावं लागतं.

मनगटाच्या बाहेरच्या बाजूचं वर आलेलं हाड शोधा. बँड त्या हाडावर नको, कोपराच्या दिशेनं एक बोट वर हवा. चालताना, पळताना दोन बोटं वर. हाडावर बसला की एक कड उचललेली राहते. घट्टपणा किती, तर बँड बोटानं सरकवला की खालची कातडीही सोबत सरकली पाहिजे, पण काढल्यावर खोल वळ दिसता कामा नये. फेऱ्या संपल्या की एक भोक सैल करा. दिवसभर करकचून बांधून ठेवलं की खाली घामोळं येतं आणि मग माणूस बँडच सोडतो.

पट्ट्याचाच दोष आहे का हे तीस सेकंदांत कळतं. बसा, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं बँड मनगटावर हलका दाबून धरा. आकडा हळूहळू बोटांच्या मोजणीशी जुळायला लागला, तर निदान झालं.

आमच्या शेजारच्या वहिनींचा किस्सा. बँड नवा, मुलानं पुण्याहून पाठवलेला. ठोके कधी १४०, कधी रेघा, आणि पोळ्या लाटताना हजारभर पावलं. मी मनगट बघितलं तर खाली हिरव्या काचेच्या बांगड्या, वर पाटल्या आणि त्या दोन्हींच्या मध्ये बँड अंग चोरून बसलेला. पाटली प्रत्येक हालचालीला त्याला धक्का देत होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बांगड्या नाही हं काढणार." काढायच्या कशाला? बँड दुसऱ्या हातात घातला, त्या हातातल्या दोनच बांगड्या होत्या, त्या पुढे राहिल्या आणि बँड मागे, कोपराकडे. ॲपमध्ये हात बदलल्याची नोंद केली. तेवढ्यावर काम झालं.

सिलिकॉनचा पट्टा वर्ष-दीड वर्षात ताणतो, भोकं लांबट होतात. तेव्हा मात्र नुसता पट्टा बदला, बँड नको. जुना पट्टा सोबत न्या, कारण २० मिलिमीटरच्या घड्याळाला २२ चा पट्टा बसत नाही आणि काही बँडची खाच फक्त त्यांच्याच पट्ट्याची असते. लग्नात मिरवायला धातूची साखळी छान दिसते, व्यायामाला तिचा उपयोग नाही, ती घसरते.

काच आणि घाण

बँड काढा, मागची काच उजेडात तिरकी धरून बघा. घामाचं मीठ, खोबरेल तेल, सनस्क्रीन यांचा थर समोरून दिसत नाही, तिरका धरला की दिसतो.

एका सद्गृहस्थांनी तर बँडच्या काचेवरचा कंपनीचा प्लास्टिकचा पापुद्रा आठ महिने काढलाच नव्हता. त्याखाली घाम शिरून पांढुरके डाग पडले होते. मी नखानं पापुद्रा ओढला तेव्हा ते जरा नाराजच झाले, "अहो, नवा राहावा म्हणून ठेवला होता."

दुसरा किस्सा आपल्या नाशिकचाच. रंगपंचमीला शनी चौकातल्या नाहीतर तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उडी मारून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर बँड दाखवायला येतात. काचेच्या कडेला रंग जाऊन बसलेला असतो. तो निघतो, पण घड्याळ "वॉटरप्रूफ" असल्याचा भ्रम त्याहून अवघड. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोलीइतका स्थिर पाण्याचा दाब, तोही नव्या घड्याळावर, प्रयोगशाळेत. उंचावरून धपकन मारलेली उडी, गरम पाणी, साबण, वर्ष झालेली सैल सीलं, यातलं काहीच त्या आकड्यात धरलेलं नाही. रहाडीत उतरताना बँड घरी ठेवा.

निफाडकडे माझे साडू द्राक्षबागायतदार आहेत. भुरी या बुरशीच्या रोगासाठी बागेत गंधक मारलं की त्यांच्या बँडवर पिवळसर धूळ बसते आणि घामानं चिकटते. त्यांना मी रोज संध्याकाळचा एक नियम घालून दिलाय: हात धुताना बँडही पुसायचा.

पुसायचं साध्या पाण्यानं ओल्या केलेल्या मऊ सुती फडक्यानं, मग कोरड्यानं. नेलपॉलिश काढायचं द्रावण, पेट्रोल, ब्लेडचं टोक, भांड्यांची घासणी यातलं काहीही नको. काचेवर एकदा ओरखडा पडला की तो प्रकाश कायम विखरत राहतो.

कातडी आणि थंडी

ट्रॅकवर एक आजी नातवासोबत येतात. त्यांचा बँड डाव्या हातावर कधीच ठोके पकडत नसे, नुसत्या रेघा. नातू दोनदा दुकानात जाऊन आला होता. मी बँड वर सरकवला आणि खाली दिसलं गोंदण, गर्द हिरवं, मनगटापासून कोपरापर्यंत. आजी म्हणाल्या, "लग्नाच्या आधी जत्रेत गोंदलंय बाबा, ते काय आता निघतंय?" गोंदणाची शाई प्रकाश गिळते. रक्तापर्यंत पोचायच्या आतच तो संपतो. बँड उजव्या हातावर घातला, पाच सेकंदांत ८१. टॅटू काढलेल्या कॉलेजच्या पोरांचंही हेच होतं, फक्त त्यांना वाटतं बँड स्वस्तातला निघाला. मेंदीचा गडद रंगही अडथळा करू शकतो. ती उतरेपर्यंत हात बदला.

थंडीची गोष्ट वेगळी. निफाडला पारा एक आकडी होतो हे दर हिवाळ्यात पेपरात येतं, आणि नाशिकचीही पहाट त्या दिवसांत काही मागे नसते. गार पडल्यावर शरीर हातापायांकडचं रक्त कमी करतं, आतली ऊब राखण्यासाठी. कातडीखाली रक्तच कमी आलं तर सावली कशाची पडणार? म्हणून तोच बँड पहाटे चुकतो आणि दुपारी बरोबर दाखवतो. उपाय फुकट आहे. स्वेटरची बाही बँडवरून ओढून घ्या, पहिली फेरी हात चोळत संथ मारा, अंग गरम झालं की मगच ठोक्यांकडे बघा. घरातून निघाल्या निघाल्या पहिल्या पाच मिनिटांतला आकडा मी तरी मोजतच नाही.

बँड ठोके मोजतोय की पावलं?

ही गंमत मला स्वतःला समजायला वर्ष लागलं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

हात मागेपुढे झुलतो तेव्हा मनगटातलं रक्तही झोके घेतं आणि बँडही कातडीवर लयीत दाबला जातो. म्हणजे हिरव्या प्रकाशात दोन लाटा येतात, एक ठोक्यांची, एक पावलांची. बँडमध्ये हालचाल ओळखणारा वेगळा सेन्सर असतो, त्याच्या मदतीनं पावलांची लाट वजा करायची असते. बँड सैल असला, किंवा दोन्ही लाटांचा वेग जवळजवळ आला, की तो फसतो आणि पावलांच्या लाटेला धरून बसतो. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. मग बँड म्हणतो १७०, आणि साठीच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. झपाझप चालणाऱ्याची पावलं ११५-१२० च्या आसपास असतात, आणि तिथे तर फसवणूक लक्षातही येत नाही, कारण चालताना ११८ हा आकडा अगदी खरा वाटतो.

ओळखायचं कसं? चालता चालता तीस सेकंद पावलं मोजा, दुप्पट करा. बँडच्या ठोक्यांशी आकडा तंतोतंत जुळला तर संशय घ्या. मग चाल तीच ठेवून बँडचा हात छातीशी स्थिर धरा, मूल कडेवर घेतल्यासारखा. अर्ध्या मिनिटात आकडा एकदम वीस-तीसनं घसरला, तर तो पावलं मोजत होता. खरे ठोके चालत असताना असे कडेलोट झाल्यासारखे खाली येत नाहीत.

वर सांगितलेलं लक्षण, थांबलं की १५५ वरून दहा सेकंदांत ८८, तेही बहुतेक वेळा हालचालीनं फसलेल्या बँडचंच काम असतं. व्यायाम थांबवल्यावर हृदय हळूहळू उतरतं, त्याला मिनिटं लागतात.

याला उपाय म्हणजे पट्टा एक भोक घट्ट, दोन बोटं वर, आणि चालायला सुरुवात करण्याआधी अर्धा मिनिट उभं राहून बँडला स्थिर आकडा पकडू द्यायचा. मग व्यायामाचं बटण दाबायचं, आणि चालण्याला चालणंच निवडायचं, सायकल नाही.

सायकलवाल्यांचं दुखणं याच्या जवळचं आहे. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडे गंगापूर धरणाच्या रस्त्याला रविवारी सायकलींची रांगच लागते. हँडल घट्ट धरलं, मनगट वाकलं, की तिथलं रक्त दबतं. वर रस्त्यावरच्या खड्ड्यांचे हादरे. त्या अवस्थेत मनगटावरच्या आकड्यावर विसंबून ट्रेनिंग करायचंच असेल तर सरळ छातीचा पट्टा घ्या. तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाचा विजेचा संकेत पकडतो. फिनलंडच्या पोलर कंपनीनं असा बिनतारी पट्टा १९८२ मध्येच बाजारात आणला होता, म्हणजे हे तंत्र चाळीस वर्षं मुरलेलं आहे. चार फेऱ्या मारणाऱ्या माझ्यासारख्याला त्याची गरज नाही.

सेटिंग आणि ॲप

इथे मी फार वेळ घालवत नाही, तुम्हीही घालवू नका.

ठोके "दर दहा मिनिटांनी" मोजायची सेटिंग असेल तर पडद्यावरचा आकडा नऊ मिनिटांपूर्वीचा असू शकतो. लोक बोटांनी आता मोजतात, बँडचा आकडा मघाचा, आणि जुळत नाही म्हणून तक्रार. तपासताना सतत मोजणी चालू करा. बॅटरी जास्त खाते, नंतर परत बदला. पॉवर सेव्हिंग चालू असेल तर काही बँड ठोके मोजणं बंदच करतात. कोणत्या हातावर घालता आणि जन्मसाल किती, हेही बघा. एका मामांचं जन्मसाल दुकानदारानं घाईत २००० टाकलं होतं, त्यामुळे चौसष्टाव्या वर्षी त्यांना बँड रोज सांगायचा, अजून जोर लावा. २२० वजा वय, हे जास्तीत जास्त ठोक्यांचं ढोबळ गणित बँड वापरतो. वय चुकलं की व्यायामाचा जोर दाखवणारे ॲपमधले सगळे रंगीत पट्टे चुकतात.

मग बँड बंद करून चालू करा, ॲप आणि बँड दोन्हींचं अपडेट टाका. एवढ्यानं झालं नाही तर फॅक्टरी रीसेट, पण आधी सगळी नोंद फोनवर उतरवून घ्या. रीसेटनंतर बँडमधलं जुनं काही परत येत नाही.

टेबलाची नाडी, आणि खेळण्यातले बँड

टेबलावर ठेवलेला चांगला बँडही कधीकधी आकडा दाखवतो. दिवा लागलेलाच असतो, प्रकाश कशावर तरी आपटून परततो, खोलीतला ट्यूबलाइट त्यात मिसळतो आणि बँड त्या गोंधळातच लय शोधत बसतो. एवढ्यावरून तो खराब ठरत नाही.

पण बाजारात असेही बँड आहेत की त्यांच्या मागे नुसता हिरवा दिवा आहे, मोजणारं काही नाहीच. खरी परीक्षा जिन्यावर होते. बसून बोटांनी मोजा, बँडचा आकडा लिहा. दोन मजले झपाझप चढा, लगेच परत दोन्ही लिहा. बोटांना १२० लागतायत आणि बँड ७२ वरून ७४ वर गेला, दोन-तीनदा तेच झालं, पट्टा घट्ट, काच स्वच्छ असूनही, तर ते खेळणं आहे. पोरांना द्या. त्याची दुरुस्ती नसते, आणि मेन रोडच्या गर्दीत "सेन्सर बदलून देतो" म्हणणाऱ्या कोणाला पैसेही देऊ नका. मी एकदा दिलेत. चारशे रुपये गेले, बँड तसाच परत आला, फक्त वरची काच पुसलेली होती.

इथे हात आवरा: सर्व्हिस सेंटर

अंधाऱ्या खोलीत बँड घालून, मोजणी सुरू करून, कडेनं डोकावून बघा. रीसेटनंतरही हिरवा दिवा लागतच नाही, किंवा अर्धेच दिवे लागतात, तर तुमचं काम संपलं. मागच्या काचेला तडा आहे, काचेच्या आत वाफ धरली आहे, चार्ज करताना बँड चटका बसेल इतका तापतो, तरीही तेच. बँड बंद करा, बिल आणि खोकं शोधा, वॉरंटी बघा, अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, पिठूळ धूळ मात्र खाचांत जाते.

पडदा किंवा मागचं झाकण एका कडेनं उचललं गेलेलं दिसलं, तर ती आतली बॅटरी फुगली आहे. ते झाकण दाबून परत बसवायचा मोह होतो. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, मनगटावरही ठेवू नका. लिथियमच्या बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. चपटी, कोरडी, जळणार नाही अशी जागा बघून ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवा, घंटागाडीत टाकू नका.

एकतीस वर्षांचा अनुभव म्हणून मी एक बँड घरी उघडला होता. हेअर ड्रायरनं गोंद मऊ केला, पातळ पत्ती घातली, आणि केसाएवढी रिबन तुटली. बायकोनं त्या दिवसापासून माझा स्क्रूड्रायव्हरचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय.

इथे बँड विसरा: डॉक्टर

दोन वर्षांपूर्वी ट्रॅकवरच्या एका मित्रानं बँड माझ्या हातात ठेवला. "बसल्या बसल्या १३० दाखवतोय, परत ९०, परत १४०. बघ जरा, परवा नातीचं बारसं आहे, तोवर नीट कर." मी नेहमीप्रमाणे बाकावर बसवलं आणि त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. दोन ठोके पटापट, मग खंड, मग एक, मग तीन घाईत. पूर्ण मिनिट मोजलं, लय सापडेचना. बँड त्याला परत केला आणि त्याच्या मुलाला फोन लावला. त्याच दिवशी ईसीजी निघाला, हृदयाची लय बिघडलेली होती, उपचार सुरू झाले. बारशाला तो होता.

म्हणून, बोटांनी मोजूनही हे आढळलं तर बँडवाल्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. शांत बसलेले असताना वेगवेगळ्या वेळी ठोके १०० च्या वर येत राहणं. ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, गळून गेल्यासारखं. लय तुटक, अनियमित. ताप, कमी पाणी पिणं, कडक चहा यांनीही ठोके वाढतात, पण ते ठरवणं तुमचं-माझं काम नाही. नियमित पळणाऱ्याचे विश्रांतीतले ठोके पन्नासच्या खाली असू शकतात आणि त्यात काही वावगं नसतं. त्रास होतोय की नाही, हा फरक आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके मुद्दाम खाली ठेवतात. तुम्ही त्या घेत असाल तर बँडनं सांगितलेलं लक्ष्य गाठायला जोर लावू नका, किती ठोक्यांपर्यंत जायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

आणि छातीत दुखतंय, दडपण येतंय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतंय, दरदरून घाम, श्वास अपुरा, तर बँड काय दाखवतो ते बघत बसायचंच नाही. तो ७२ दाखवत असेल तरीही. बसा, जवळच्या कुणाला हाक मारा, १०८ लावा.

घाई नसलेल्या प्रकरणात डॉक्टरकडे जाण्याआधी चार-पाच दिवस एका कागदावर लिहून न्या: तारीख, वेळ, काय करत होतात, बोटांनी मोजलेले ठोके, बँडचा आकडा, आणि त्या वेळी कसं वाटत होतं. ॲपमधले रंगीत आलेख बघायला डॉक्टरांना वेळ नसतो. माझ्या मित्राचा कागद अजून त्याच्या पाकिटात आहे, घडीवर फाटलेला, मागच्या बाजूला बारशाच्या सामानाची यादी.